परदेशी शाळेसोबतचा पहिला शाश्वत विकास प्रकल्प: सुरुवात कुठून करावी

करारपत्र, लोगो, उद्घाटन हे सगळं नंतर. आधी दोन्ही शाळांच्या सुट्ट्या आणि परीक्षा एका कागदावर मांडा. एक शाळा उत्तर गोलार्धात आणि दुसरी दक्षिणेत असेल, तर एकत्र कामाचे आठवडे फार थोडे उरतात. बैठकांच्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, लिहा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं सरकतात आणि ठरलेला तास चुकतो.

विषय एकच घ्या, मोजता येईल असा. समजा कचरा. मग मोजायची पद्धत आधी लेखी ठरवा: ओला-सुका वेगळा, रिकाम्या डब्याचं वजन वजा, नोंद ग्रॅममध्ये, आणि भागायचं ते त्या दिवशी हजर असलेल्या मुलांच्या संख्येनं, पटावरच्या नव्हे. एका शाळेनं भिजलेला कागद सुक्यात धरला आणि दुसरीनं ओल्यात, की तुलना संपली. म्हणून पहिल्या आठवड्याचे आकडे चाचणीपुरतेच धरा.

एकानं आकडे पाठवायचे आणि दुसऱ्यानं निष्कर्ष काढायचे, याला सहकार्य म्हणत नाहीत. विश्लेषण दोन्हीकडच्या मुलांनी करावं.

प्रस्तावात संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकासाचं लक्ष्य 4.7 (शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाबद्दलचं) नुसतं चिकटवू नका. त्याची प्रगती मोजणारा निर्देशक हे शिक्षण धोरण, अभ्यासक्रम, शिक्षक-प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांचं मूल्यमापन या चार जागी पाहतो. तुमचं काम यांतल्या कशाला भिडतं ते लिहा. आणि मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय पाठवू नका.