सरावात जमतं, पण चारचौघांसमोर बिघडतं. ‘मला जमेल’ असं घोकल्याने फरक पडतो का?

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना पोहायला शिकवते, त्यामुळे तुमचा प्रश्न मला रोज पाण्यात भेटतो. फरक पडतो, नक्की पडतो. पण नुसतं घोकून फारसा नाही.

पाठीवर तरंगणं घ्या. छातीत हवा भरून, मान सैल सोडून कान पाण्यात बुडू दिले की बहुतेकांचं शरीर आपसूक वर राहतं. ‘मी बुडणारच’ अशी खात्री असलेला माणूस मात्र हनुवटी छातीशी ओढून डोकं वर काढतो. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, पाठोपाठ पाय. घाबरून श्वासही सोडलेला असतो, म्हणजे उरलासुरला आधारही गेला. मग तो खरंच बुडायला लागतो आणि उठून म्हणतो, “बघा, मी सांगत होतो ना!” मनातली शंका अशी थेट मानेत उतरते.

त्याला धीराचे चार शब्द सांगून मान सैल होत नाही. मी त्याच्या डोक्याखाली तळवा धरते. काही वेळाने फक्त दोन बोटं, मग एकच. कधीतरी तेही काढून घेते, आणि तीनेक सेकंद तो स्वतःच तरंगलेला असतो. ते कळल्यावर त्याच्या खांद्यांतला ताठरपणा उतरताना दिसतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं. ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास चार गोष्टींतून येतो: स्वतः करून पाहिल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीराची अवस्था. यात पहिली सगळ्यांत भक्कम. डेबोरा फेल्ट्झ यांनी १९८२ मध्ये पाठमोरा सूर मारणाऱ्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. पहिल्या सुराच्या वेळी विश्वासाचा वाटा मोठा होता. पुढच्या सुरांवर मात्र आधीचा सूर कसा गेला याचाच प्रभाव जास्त पडला.

आणि विश्वास जितका जास्त तितकं चांगलं, असंही नाही. दुसऱ्या एका प्रयोगात दोरीवरच्या उड्यांत तरबेज असलेल्यांना ‘ही नवी दोरी अवघड आहे’ असं सांगितलं तेव्हा त्यांचा आत्मविश्वास थोडा घटला, पण उड्या सुधारल्या. थोडी धाकधूक माणसाला जागं ठेवते, तेव्हा ती पार जावी म्हणून झगडू नका.

चारचौघांसमोर बिघडतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे अंगवळणी पडलेली हालचाल आपण पुन्हा तुकड्यातुकड्याने तपासायला लागतो. कोपर कुठे, मनगट कसं? अशा वेळी लक्ष अंगावरून काढून बाहेर न्या. मी पोहणाऱ्यांना हात विसरून समोरच्या भिंतीकडे जायला सांगते.

तुम्ही नेमकं काय करता ते लिहिलेलं नाही. काहीही असो, त्यातला सगळ्यांत सोपा भाग आधी एकाच ओळखीच्या माणसासमोर करा. तो सलग काही दिवस नीट झाला की दुसऱ्या माणसाला बोलवा.