शेपट्या येत असतील तर पंप खोलू नका, आधी टिप बघा

मालवणच्या घराला एअरलेस स्प्रे मशीनने (पंपाच्या दाबाने रंग उडवणाऱ्या) बाहेरून रंग मारताना रंगाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा येताहेत आणि मशीनवाला रंगात आणखी पाणी घालायला सांगतोय, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. रत्नागिरीत मी हेच भोगलंय.

या रेघांना आम्ही शेपट्या म्हणतो. गन जोडणं, धुणं तुम्हाला येत असणार, म्हणून सरळ टिपवर, म्हणजे गनच्या तोंडाशी बसणाऱ्या भोकाच्या तुकड्यावर येतो. तुमच्या फोटोत ५२१ नंबरची टिप दिसतेय. पहिल्या आकड्याची दुप्पट, म्हणजे १० इंच, ही भिंतीपासून १२ इंचांवरून मारलेल्या पट्ट्याची रुंदी. २१ म्हणजे ०.०२१ इंचाचं भोक. आता मशीनच्या पाटीवर जास्तीत जास्त टिप किती चालते ते वाचा. लहान मशीनवर तो आकडा बहुधा ०.०१५ ते ०.०१९ च्या आत असतो. २१ च्या भोकातून १७ च्या दीडपट रंग जातो. पंपाला तेवढा पुरवठा जमत नाही, प्रेशर खाली येतं, रंग बारीक तुषारांत नीट फुटत नाही आणि कडांना साचतो.

मला मशीन विकणाऱ्यानेच मोठी टिप दिली होती, काम लवकर उरकेल म्हणून. तक्रार केली तर पंप ठेवून घेतला, आतलं पॅकिंग (गळती रोखणारं सील) बदललं, बिल लावलं; शेपट्या तशाच. मग म्हणाला, पाणी वाढवा. पाण्याने शेपट्या खरंच कमी होतात, म्हणूनच हा सल्ला घातक आहे. थर पातळ बसतो. पहिल्याच पावसाळ्यात समुद्राकडची भिंत पोपडे धरून उभी होती. टिपवरचा नंबर त्या दुकानात एकानेही वाचला नाही, याचा राग अजून जात नाही. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा थेंबभर पाणी जास्त घालू नका.

बाहेरच्या इमल्शनला मी ५१७ घेईन, तीही पाटीवरचा आकडा परवानगी देत असेल तरच; नाहीतर ५१५. खिडक्यांच्या ऑइलपेंटला ३११ च्या आसपास. आधी गनमधली जाळी साफ करा, मग पुठ्ठ्यावर मारून बघा: प्रेशर कमी ठेवून हळूहळू वाढवा आणि शेपट्या गेल्या की तिथेच थांबा. पूर्ण प्रेशरलाही जात नसतील तर टिप मोठी आहे किंवा झिजलीय. झिजली की भोक वाढतं आणि पट्टा आखूड होतो. १० इंचांचा साडेसातवर आला की फेकून द्या. महाग वाटते, पण वाया जाणारा रंग त्याहून महाग पडतो.

कंपाउंड बिनगिलाव्याच्या चिऱ्याचं असेल तर नुसत्या स्प्रेने भागत नाही, चिऱ्याची भोकं कोरडी राहतात. स्प्रे ओला असतानाच मागून रोलर फिरवा. आणि सकाळीच उरका. दुपारी खारा वारा सुटला की रंग शेजारच्यांच्या गाडीवर.

मी काही इंजिनिअर नाही. तुमच्या रंगाच्या कंपनीचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तो माना. पण एका बाबतीत माझं ऐकाच: टिप अडकली म्हणून तिच्यासमोर बोट नेऊ नका. ट्रिगर लॉक करा, प्रेशर सोडा, टिप उलटी फिरवा. रंग कातडीत घुसला तर जखम टाचणीएवढी दिसते, तरी लगेच सर्जनकडे जावंच लागतं.

पाटीवरचा आकडा इथे लिहा, मग नेमकी टिप सांगतो.