जगात भाव चढले की कोल्हापुरात तेल लगेच महागतं, मग साखर का नाही?

कारण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो, आणि साखर घरची आहे. शिवाय तिच्या निर्यातीच्या चाव्या केंद्राकडे आहेत. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, तशी बातमी आली की लक्ष्मीपुरीतला व्यापारी जुना डबाही नव्या भावाने विकणारच. ती लबाडीच असते असं नाही, पुढचा माल त्याला वाढीव दरानेच भरायचा असतो. साखरेचं उलट: जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आहेत, आणि कारखान्यांनी महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही दिल्लीतून ठरतो. त्यामुळे २०२३ मध्ये जागतिक दर दशकभरातल्या उंचीवर गेले, तरी किराणा दुकानात त्यामानाने फारसं काही हललं नाही. (त्याची झळ उसाला बसते, हे इथे वेगळं सांगायला नको.) मात्र तेल महागलं की दर वेळी परदेशाचंच नाव घेऊ नका. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानेच कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं होतं. मे २०२५ अखेर ते १६.५ वर आलं.