कुंपणाआधी काउंटी ऑफिस

अनेक आशीर्वाद.

ओहायोत 40 एकर घेतलेस, फोटो पाहिले. उतारावरचा तो ओघळ फोटोतसुद्धा डोळ्यांत भरतो. माती चाललीय तिथून.

सरकारी योजनांची यादी मागितलीस. ती पाठवत नाही. योजनांची नावं आणि रकमा बदलत राहतात, दार तेच राहतं. तुझ्या भागाचं यूएसडीए, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचं, सर्व्हिस सेंटर शोध. काही ठिकाणी दोन-तीन काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) मिळून एकच असतं. फोन करून वेळ घे आणि स्वतः जा. आपल्याकडचं तालुका कृषी कार्यालय समज. आत दोन खाती असतात. एफएसएकडे कर्जं आणि शेताच्या नोंदी, एनआरसीएसकडे माती-पाण्याचं काम.

आधी एफएसएकडे. खरेदीखत आणि ओळखपत्र बरोबर ठेव. ते विमानातून घेतलेल्या फोटोवर तुझी हद्द आखतात आणि फार्म नंबर देतात. हा काही सातबारा नव्हे, त्यानं मालकी ठरत नाही. पण तो नसेल तर पुढचा अर्ज सरकतच नाही.

मग एनआरसीएस. त्यांचा माणूस बांधावर येऊन सल्ला देतो, त्याचे पैसे पडत नाहीत. ओघळ, चराई, पॉलिटनेल यांच्या खर्चाला हातभार हवा असेल तर त्यांच्याच 'इक्विप' या मदत योजनेचा अर्ज कर. शेतीत 10 वर्षं झालेली नसतील तर तू 'बिगिनिंग फार्मर'. तसं अर्जात नोंदव. मदतीचा दर जास्त मिळतो आणि निम्मी रक्कम आगाऊ मागता येते. एरवी पदरचे घालायचे, काम तपासून झालं की मग पैसे. अर्ज वर्षभर घेतात, पण निवड ठरावीक तारखेपर्यंत आलेल्यांतूनच होते. ती तारीख पहिल्याच भेटीत विचार.

आता माझा गाढवपणा. अर्ज दिला, मंजूर होणारच असं धरून चाललो आणि मेंढ्यांसाठी कुंपण घालून मोकळा झालो. ऑफिसातल्या बाईंनी कुंपणाचं बिल आणि कोरा करार टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, बिलावरच्या तारखेवर पेन्सिल टेकवली. बोलल्या काहीच नाहीत. करारावर सह्या होण्याआधी सुरू केलेल्या कामाला छदाम मिळत नाही. नियम छापलेला होता, मीच वाचला नव्हता.

ओहायोच्या 88 काउंट्यांत प्रत्येकी एक सॉइल अँड वॉटर कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट आहे, लोकांनी निवडलेल्या पाच जणांचं मंडळ. तिथेही डोकाव. बऱ्याच ठिकाणी नांगरट न करता पेरायचं यंत्र भाड्यानं मिळतं, आणि कुणाच्या शेतात काय जमलं, काय फसलं हे त्यांना तोंडपाठ असतं.

यूएसडीएच्या ऑफिसातून निघताना 'रिसीट फॉर सर्व्हिस' माग. काय विचारलंस, काय उत्तर मिळालं, त्याची ती पोच.

आणि शेजारचा जेसीबी फुकट मिळतोय म्हणून ओघळ बुजवू नकोस. आधी एनआरसीएसच्या माणसाला तो पाहू दे.

— काका