गॉर्लिन सिंड्रोम या जनुकीय आजारामुळे १४ वर्षांच्या मुलाच्या जबड्यात मोठी सिस्ट (पिशवीसारखी गाठ) आहे, दाढही त्यात अडकली आहे. जबडा कापावाच लागेल का?

नाही, सहसा लागत नाही. जबड्याचा भाग काढणं हा अगदी शेवटचा उपाय. मी पुण्यात मुखशल्यचिकित्सेत काम करते, त्यावरून सांगते. या सिस्टचं (ओडोंटोजेनिक केराटोसिस्ट) अस्तर ओल्या टिश्यू पेपरसारखं, काढताना फाटतं आणि शेजारच्या हाडात तिची बारीक पिल्लं (छोट्या सिस्ट) मागे राहतात. म्हणून नुसती खरवडली तर परत येते. लहान सिस्ट असेल तर ती पूर्ण काढून भोवतालचं हाड बरने (दातांच्या ड्रिलच्या टोकाने) थोडं घासतात, कधी उरलेल्या पेशी मारणारं कार्नॉय द्रावण लावतात. जबड्यातला मज्जातंतू उघडा असेल तर ते द्रावण जपूनच. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला आधी सिस्टला खिडकी (छोटं भोक) पाडून नळी बसवणं जास्त पटतं. जेवणानंतर सिरिंजने त्या नळीतून सलाइन मारायचं. कंटाळवाणं काम आहे, मुलं वैतागतात, पण काही महिन्यांत हाड भरत येतं, कधी दाढही वाचते, आणि उरलेली पिशवी छोट्या ऑपरेशनमध्ये निघते. काढलेलं सगळं बायोप्सीला पाठवा.

एक मात्र आहे: दोष जनुकातच (बहुतेकांत पीटीसीएच१) असल्याने दुसरीकडे नवी सिस्ट होऊ शकते. निदान वर्षातून एकदा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढा. सीटी स्कॅन मात्र गरजेपुरताच, कारण किरणोत्सर्गाने या मुलांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दुसरं मत हवं असेल तर धनकवडीच्या भारती विद्यापीठ डेंटल कॉलेजमध्ये जुन्या एक्स-रे फिल्म घेऊन जा.