वापरलेले अणुइंधन, ज्वारीचे पेव आणि सोलापूरची काळी माती

आपला प्रश्न असा आहे: "अणुभट्टीतून बाहेर काढलेले इंधन लाखभर वर्षे घातक राहते म्हणतात. ते जमिनीत पुरले तर तिथेच राहील याची खात्री कोण देणार, आणि आपल्या दख्खनच्या कातळात ते पुरता येईल का?"

मी अणुशास्त्रज्ञ नाही. सोलापूरच्या एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे भूशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर आसपासच्या गावांत विहिरींच्या व बोअरच्या जागा पाहून देतो, त्यामुळे हे उत्तर खडक आणि पाणी यांच्या बाजूने लिहिलेले आहे. हा प्रश्न मुळात त्याच बाजूचा आहे, असे माझे मत आहे.

वापरलेले इंधन म्हणजे पिंपात डचमळणारा हिरवा द्रव नव्हे. युरेनियम ऑक्साइडच्या, भाजलेल्या मातीसारख्या टणक गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बंद असतात आणि भट्टीतून बाहेर येतानाही त्या तशाच असतात. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीच्या इंधनात तोवर सुमारे ९५ टक्के युरेनियम शिल्लक असते, एक टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम तयार झालेले असते आणि बाकीचे तीन-चार टक्के म्हणजे अणू फुटून झालेले तुकडे. चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहावेत तशी या तुकड्यांची उष्णता चालूच राहते: भट्टी बंद करण्याच्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, दिवसभरात अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते आणि पुढे वर्षानुवर्षे हळूहळू उतरते. म्हणून इंधन पहिली काही वर्षे पाण्याच्या खोल हौदात ठेवतात आणि नंतर पोलाद व काँक्रीटच्या जाड पिंपांत, ज्यांना ड्राय कास्क म्हणतात. २०११ च्या त्सुनामीत फुकुशिमा येथील अशी पिंपे पाण्यात सापडली, तरी त्यांतील इंधन सुरक्षित राहिले. काही दशकांसाठी ही सोय उत्तम आहे. पण तिला कुंपण, पहारेकरी आणि त्यांचा पगार देणारे सरकार लागते, आणि ही तिन्ही हजारो वर्षे टिकतील असे धरून चालता येत नाही.

आता 'लाखभर वर्षे' या शब्दांकडे येतो. सुरुवातीच्या तीव्र किरणोत्साराला मुख्यतः कारणीभूत असलेल्या सिझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा भाग क्षय पावायला लागणारा काळ, तीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे तीनशे वर्षांत त्यांचा सुमारे हजारावा भाग उरतो. दहा वर्षे जुन्या इंधनाच्या जुडीला खेटून, आडोशाशिवाय, काही मिनिटे उभे राहणे प्राणघातक ठरते. काही शतकांनंतर तो धोका फार कमी झालेला असतो. मागे उरते ते प्रामुख्याने २४,१०० वर्षे अर्धायुष्य असलेले प्लुटोनियम-२३९ आणि त्याच्यासारखी जड मूलद्रव्ये. त्यांचा बहुतेक किरणोत्सार कातडीही भेदू शकत नाही. अन्नातून, पाण्यातून किंवा श्वासातून ती शरीरात गेली तरच घात करतात. चार-पाचशे मीटर खोलीवरून ती आपल्या ताटापर्यंत आणील असे वाहन, माणसाने स्वतः खोदून वर काढणे सोडले तर, एकच आहे, आणि ते म्हणजे भूजल.

आमच्या आजोबांच्या मंगळवेढ्याकडील वाड्यात ज्वारीचे पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, होते. तळाला आणि कडेने कडबा, तोंडावर दगडी झाकण आणि त्यावर लिंपलेली माती, असा त्याचा बंदोबस्त असे. पेव उघडल्यावर आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरायचे नाही, हे आम्हा मुलांनाही पाठ होते. पेवाची जागा ठरवताना आजोबांच्या पिढीतील माणसे सर्वांआधी एकच गोष्ट पाहत: पावसाळ्यात तिथे ओल येते का. एका वर्षी शेजारच्या भिंतीचे पाणी आत झिरपले आणि सगळी ज्वारी काळी पडली, तेव्हा झाकण आणि राखणदार दोन्ही जागच्या जागी होते. अणुइंधनासाठी जागा शोधणारा भूशास्त्रज्ञ हीच ओल शोधत असतो, फक्त त्याला लाखो पावसाळ्यांचा हिशेब करावा लागतो.

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओतो येथे 'ओंकालो' नावाचे असे तळघर बांधले गेले आहे. तिथला कातळ सुमारे १९० कोटी वर्षे जुना आणि बोगदे चारशे मीटरहून खोल. इंधनाच्या जुड्या ओतीव लोखंडाच्या गाभ्यात, तो गाभा पाच सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या पिंपात, पिंप कातळात पाडलेल्या भोकात आणि त्याभोवती बेंटोनाइट नावाची माती, अशी ती मांडणी आहे. बेंटोनाइट काय करते हे सोलापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पाऊस लागताच फुगून त्या बुजवणारी आपली काळी माती ज्या खनिजांमुळे तशी वागते, त्याच कुळातले खनिज बेंटोनाइटमध्ये असते. आपल्या घरांच्या भिंतींना तडे देणारा हा गुण तिथे कामाला लावला आहे: पाणी आलेच तर माती फुगते, फटी बुजतात, पाण्याचे वाहणे थांबते आणि त्यात विरघळलेले कण केवळ अत्यंत मंद गतीने पसरू शकतात.

शिवाय एवढ्या खोलीवरच्या पाण्यात प्राणवायू जवळपास नसतो, आणि प्राणवायूविना युरेनियम ऑक्साइड पाण्यात नगण्य प्रमाणातच विरघळते. याचा दाखला निसर्गाने दिलेला आहे. आफ्रिकेतील गॅबॉन देशात ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात आपोआप अणुविखंडन सुरू झाले होते, हे १९७२ मध्ये उघडकीस आले. त्यात तयार झालेले प्लुटोनियम कोणत्याही पिंपाविना जिथे जन्मले जवळपास तिथेच क्षय पावले. म्हणूनच अशा तळघरांचा दीर्घकालीन हिशेब मांडणारे लोक प्लुटोनियमपेक्षा आयोडीन-१२९ कडे अधिक लक्ष देतात. त्याचा किरणोत्सार क्षीण असतो, पण ते पाण्याबरोबर सहज सरकते आणि त्याचे अर्धायुष्य दीड कोटी वर्षांहून जास्त आहे.

सगळे निर्विवाद आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. तांबे खरोखर इतके टिकेल का, यावर स्वीडनमध्ये मोठा वाद झाला. तिथल्या पर्यावरण न्यायालयाने २०१८ मध्ये याबाबत अधिक पुरावा मागितला आणि फोर्शमार्क येथील तळघराला सरकारची मंजुरी २०२२ मध्ये मिळाली. जर्मनीत आसे येथील जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात कमी तीव्रतेच्या किरणोत्सारी कचऱ्याची सव्वा लाखाच्या आसपास पिंपे ठेवली गेली. पुढे त्या खाणीत पाणी शिरू लागले आणि आता ती पिंपे बाहेर काढण्याचा खर्चिक निर्णय घ्यावा लागला आहे, कारण ती जागा पुरण्यासाठी निवडलेली नव्हती, मीठ काढून रिकामी झाली म्हणून वापरली गेली होती. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील तळघरात, जिथे अण्वस्त्रनिर्मितीचा कचरा ठेवतात, २०१४ मध्ये एक पिंप आतल्या रासायनिक क्रियेने फुटले. ओल शोषण्यासाठी त्यात खनिज मातीऐवजी मांजरांसाठी विकला जाणारा धान्यापासून केलेला भुसा घातला गेला होता! कातळाने दगा दिला नाही, भरणाऱ्यांनी दिला. माझा अविश्वास खडकापेक्षा या बाजूवर अधिक आहे.

आता आपल्या कातळाबद्दल. सोलापूरच्या खाली बेसाल्ट आहे, पण तो एकसंध नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचलेले, मध्येच लाल मातीचा पट्टा, सच्छिद्र भाग, उभ्या-आडव्या भेगा. याच भेगांच्या आशेवर शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो. ज्या खडकात पाणी लागावे म्हणून मी धडपडतो, तो अणुइंधनासाठी मी सुचवणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आम्हाला इथे सोलापुरात झोपेतून उठवले होते. त्यानंतर किल्लारीत घेतलेल्या खोल छिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली आणि त्याच्या तळाशी गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर जुना मूळ कातळ लागला. खोल कातळात हादरे जमिनीवरच्यापेक्षा कमी बसतात हे खरे, पण एखादी भेग नव्याने सरकली तर पाण्याची वाट बदलू शकते. अमेरिकेनेही हॅनफर्ड येथील बेसाल्टचा अभ्यास केला होता आणि १९८७ मध्ये तो पर्याय सोडून दिला.

भारत वापरलेल्या इंधनाला कचरा मानत नाही. १९६४ पासून तुर्भे येथे, आणि पुढे तारापूर व कल्पाक्कम येथेही, त्यातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढले जाते, आणि उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव बोरोसिलिकेट काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात. त्या द्रवातून काढलेले सिझियम रक्तपेढ्यांतील रक्त किरणित करण्याच्या यंत्रांतही वापरले जाते. यामुळे आकारमान खूप घटते, पण काचेच्या त्या डब्यांनाही शेवटी खोल जागा लागणारच. १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे हजार मीटर खोलीवर विजेच्या तापकांनी खडक तापवून तो कसा वागतो हे आपल्या शास्त्रज्ञांनी पाहिले होते. तिथे प्रयोग ठीक आहे. कायमचे तळघर मी तिथे करणार नाही, कारण जिथे सोने निघाले तिथे पुन्हा कोणीतरी खोदायला येणार.

हीच गोष्ट 'खात्री कोण देणार' या आपल्या प्रश्नाशी जोडलेली आहे. पाचदहा हजार वर्षांनी येणाऱ्या माणसांसाठी अशा जागेवर धोक्याची खूण करावी की नाही, यावर बरीच चर्चा झाली आहे. आमच्या जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा, मराठी शिलालेख आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय लावतात. हजार वर्षांत भाषा तीच राहूनही तो वाचायला जाणकार लागतो, आणि वाचल्यावर मिळणारा निरोप तर बोलावणारा आहे! म्हणून मी खूण न करता ओंकालोसारखे बोगदे भरून बंद करण्याच्या बाजूचा आहे, मात्र ती जागा अशी हवी की जिथे पिण्याचे पाणीही नाही आणि विकण्याजोगे खनिजही नाही. तिथे चारशे मीटर खोल जाण्याचे कारण फारसे कोणाला उरत नाही, आणि तेवढे खोल जाण्याची यंत्रे ज्यांच्याकडे असतील त्यांच्याकडे किरणोत्सार मोजण्याची साधनेही बहुधा असतील.