१३ पोरं घेऊन आलेला कोच

वाचकांचे प्रश्न, जिमखान्याची उत्तरं

इंडियाना विद्यापीठाने अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं विजेतेपद मिळवलं, त्यावर या सदरात मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी अर्धी नातवंडं तिकडे असलेल्या आजी-आजोबांची आहेत, उरलेली इथल्या खेळाडूंची आणि त्यांच्या घरच्यांची. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, एवढं सांगून थेट पत्रांकडे वळतो. खेळाचे नियम समजावत बसलो तर अंक पुरणार नाही.

मुलुंडचे एक आजोबा लिहितात: माझा नातू ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियाना विद्यापीठात, एम. एस. करतो. २० जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास त्याचा फोन आला, घसा पार बसलेला. म्हणाला, २०२३ च्या हंगामात आमचा संघ १२ पैकी ९ सामने हरला होता आणि आज आम्ही चॅम्पियन! हे कसं झालं विचारलं तर "पोर्टल, आजोबा, पोर्टल" एवढंच म्हणतो. सर, हे पोर्टल काय प्रकरण आहे?

तुमच्या नातवाचं उत्तर अर्धं बरोबर आहे. आधी पोर्टल. ती एक यादी आहे, दुसरं काही नाही. खेळाडू आपल्या कॉलेजला कळवतो की मला जायचंय. कॉलेजला दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव यादीवर चढवावंच लागतं. नाव चढलं की बाकीच्या कॉलेजांचे कोच त्याच्याशी उघडपणे बोलू शकतात. ही व्यवस्था १५ ऑक्टोबर २०१८ पासून आहे. त्याआधी दुसऱ्या कॉलेजशी बोलायलाही स्वतःच्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि एवढं करून गेलाच तर नव्या ठिकाणी एक वर्ष नुसता सराव, सामना नाही. विशीतल्या पोराचं एक वर्ष बाकावर बसून जाणार, म्हणून बहुतेक जण हलतच नसत. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ही वर्षभराची सक्ती गेली. दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्यांचं भांडण डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टात गेलं आणि तिथे न्यायाधीशांनी तो नियम थोपवला. २०२४ च्या वसंतात नियमच बदलला: अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, पुढच्या हंगामात लगेच खेळा.

आता ब्लूमिंग्टन. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस इंडियानाने कर्ट सिग्नेटी यांना कोच नेमलं. त्याआधी ते व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात होते. तिथले १३ खेळाडू त्यांच्या मागोमाग इंडियानात आले. आपल्याकडे भजनी मंडळात नवा बुवा येताना स्वतःचा पखवाजी आणि टाळकरी घेऊनच आला तर पहिल्याच एकादशीला रंग चढतो, तसं झालं. या खेळात प्रत्येक डावपेचाला सांकेतिक नाव असतं, आणि नव्या कोचचं पहिलं वर्ष ती नावं पोरांच्या डोक्यात बसवण्यात जातं. इथे एडन फिशर, मिकाइल कमारा, डिअँजेलो पाँड्स, एलायजा सॅरॅट यांना ती आधीपासून येत होती. पहिल्याच वर्षी ११ विजय, २ पराभव. यातलं एकही नाव शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांच्या यादीत वर नव्हतं. मला यातली मेख इथे दिसते. सिग्नेटींनी वजन-उंचीचे आकडे बाजूला ठेवले आणि कॉलेजच्या सामन्यांत खरोखर खेळून दाखवलेली पोरं निवडली.

२०२५ साठी त्यांना क्वार्टरबॅक हवा होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे जाणार ते दोन-तीन सेकंदांत ठरवणारा माणूस. कॅलिफोर्नियाच्या बर्कलीहून फर्नांडो मेंडोझा आला. शाळेत असताना त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं. तो येलला जायचाच होता. इंडियानात एका हंगामात त्याने हाइझमन ट्रॉफी मिळवली, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. अंतिम सामना मायामी विद्यापीठाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर. मेंडोझाही मायामी शहरातच वाढलेला. नातवाला विचारा, शेवटच्या सत्रातला तो क्षण त्याला पाठ असेल: चौथा डाऊन, म्हणजे हुकलं तर चेंडू समोरच्यांच्या हातात. सोपे तीन गुण घ्यायचे सोडून मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन घुसला, धक्के खात, गिरकी घेत, शेवटी आडवी उडी मारून रेषेपार. निकाल २७-२१. त्याआधी कमाराने समोरच्यांची किक अडवली आणि त्यातूनही सहा गुण मिळाले होते. म्हणजे दोन्ही निर्णायक क्षणी पोरं बाहेरून आलेली. गंमत म्हणजे मायामीचा क्वार्टरबॅक कार्सन बेक हाही जॉर्जिया सोडून आलेला. इंडियानाने हंगामात १६ पैकी १६ सामने जिंकले. अपराजित राहून १६ विजय याआधी १८९४ मध्ये येलने मिळवले होते.

नातवाचं उत्तर अर्धंच बरोबर असं म्हणालो ते कोलोरॅडो विद्यापीठामुळे. डिऑन सँडर्स २०२२ च्या शेवटी तिथे कोच म्हणून गेले. संघ त्या वर्षी १२ पैकी ११ हरलेला. पहिल्याच बैठकीत त्यांनी जुन्या पोरांना जवळजवळ दार दाखवलं आणि पोर्टलमधून अख्खा संघ नव्याने उभा केला. २०२३ मध्ये पहिले तीन सामने जिंकून देशभर गाजले, आणि हंगाम संपला ४ विजय आणि ८ पराभवांवर. पुढच्या वर्षी ९ विजय, ४ पराभव. सोबत आणलेल्या ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन. हंटर आणि सँडर्स यांचा मुलगा शेड्यूर व्यावसायिक खेळाकडे गेले आणि २०२५ मध्ये ३ विजय, ९ पराभव. सिग्नेटी काय, सँडर्स काय, पोर्टल दोघांनाही तेच होतं.

विलेपार्ल्याची एक कॉलेजकन्यका विचारते: सर, मग निष्ठा वगैरे काही उरलंच नाही का? यंदा ज्याच्या नावाने ओरडायचं तोच पुढच्या वर्षी समोरच्यांच्या जर्सीत!

निष्ठा मागायची तर ती कुणी कुणाला दिली होती ते आधी बघ. १९७३ पासून तिकडे खेळाच्या शिष्यवृत्त्या एकेका वर्षाच्या झाल्या. कोचला पोरगा आवडेनासा झाला की पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती बंद. अनेक वर्षांची हमी द्यायची मुभा २०१२ पासून आली. आणि कोच? ३० नोव्हेंबर २०२५ ला लेन किफिन हे कोच मिसिसिपी विद्यापीठ सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेले. त्यांचा संघ ११ सामने जिंकलेला, विजेतेपदाच्या बाद फेरीत जाणार हे जवळपास नक्की. फेरी सुरू व्हायच्या आधी कोच गेला, पोरं दुसऱ्या कोचच्या हाताखाली उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचली. कोचला आजवर वर्षभर बाकावर बस असं कुणी सांगितलेलं नाही. १९ वर्षांच्या पोराला तीच सवलत मिळाली की लगेच संस्कृती बुडाल्याची ओरड होते, ती मला पटत नाही.

आणि हे शिवाजी पार्कच्या दोन हाकांवर राहणाऱ्या शहरात बोलायचं? सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या आयईएसच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. आचरेकर सरांनी सांगितलं आणि त्याने शाळा बदलली, दादरच्या शारदाश्रममध्ये आला, कारण तिथे क्रिकेटला वाव होता. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये कांबळीबरोबर ६६४ ची नाबाद भागीदारी केली ती शारदाश्रमकडून. त्याला कुणी गद्दार म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तरी तुझ्या तक्रारीत तथ्य आहे. चार वर्षं एकच पोरगा वाढताना बघण्यात जी मजा होती, ती कमी झाली. पहिल्या वर्षी पाणी आणून देणारा चौथ्या वर्षी कप्तान होतो, हे आता क्वचित दिसतं. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीचा क्वार्टरबॅक निको यामालियाव्हा पैशांवरून फिसकटल्यावर वसंतातल्या सराव सामन्याच्या तोंडावर संघ सोडून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेला. अशानंतर जर्सीवर नाव छापून घेताना माणूस दोनदा विचार करणारच. मी नाव न छापता नुसता नंबर घेईन.

दादरहून एक वाचक: पैसे नेमके कोण देतं?

जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येतात: जाहिरात, सह्या, आणि चाहत्या श्रीमंतांनी उभारलेले निधी. जून २०२५ मध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर, म्हणजे पावणेदोनशे कोटी रुपयांच्या आसपास. मोठ्या विद्यापीठांत त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलचा.

लालबागचे एक कबड्डी प्रशिक्षक: सर, आपल्या विद्यापीठात असं पोर्टल आलं तर छोट्या कॉलेजांचे संघ उठतील. तुमचं मत?

मास्तर, ते संघ आत्ताही उठतात, फक्त यादी लागत नाही. माझ्या जिमखान्यात परळच्या चाळीतला एक डावा कोपरा होता. चढाईवाला बोनसला पाय टाकेपर्यंत हा वाकून उभा, आणि पाय पडला रे पडला की घोटा याच्या हातात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा फॉर्म भरून झाला होता, फोटोवर प्राचार्यांचा शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर असा मारून झाला होता. दुसऱ्या दिवशी पोरगा एलसी मागायला. एका कॉलेजने फी माफ, मॅटवरचे बूट आणि कँटीनचं खातं कबूल केलं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्या ऑफिसने ठरलेला मंत्र म्हटला: साहेब सहीला नाहीत, उद्या या. तो उद्या आठवडाभर चालला. पोरगा रोज दुपारी खिडकीशी उभा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. शेवटी मीच आत जाऊन सही घेतली, कारण एलसी अडवून तो माझ्याकडून जीव तोडून खेळला नसता आणि तिकडेही खेळला नसता.

म्हणून मला यादी चालेल, खिडकी नको. यादीला तारीख असते. अमेरिकेतही आधी हिवाळ्यात आणि वसंतात अशा नाव द्यायच्या दोन मुदती असायच्या आणि वर्षभर गोंधळ चालायचा. २०२६ मध्ये एकच ठेवली, २ ते १६ जानेवारी. अंतिम सामना खेळणाऱ्यांना पाच दिवस जास्त. आपल्या मोठ्यांच्या क्रिकेटमध्येही कारभार ना-हरकत पत्रावरच चालतो: यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ते मागितलं आणि पुढच्याच महिन्यात मागे घ्यायची विनंती केली. नाव मोठं होतं म्हणून पेपरात आलं. तुमच्या रेडरचं येणार नाही. छोट्या कॉलेजचं म्हणाल तर बदलीवर तारीख घाला आणि हंगाम सुरू झाल्यावर बंदी घाला, एवढ्याने निम्मा त्रास वाचेल. उरलेला निम्मा वाचणार नाही, हेही खरं.

कांदिवलीची एक आई: मुलगा फुटबॉलचा गोलकीपर आहे (आपला पायाने खेळायचा फुटबॉल!). एफ.वाय.ला आहे. दुसऱ्या कॉलेजचे सर घरी येऊन गेले, फी माफ म्हणाले. पाठवू का?

ताई, अमेरिकेतल्या बातम्यांत मेंडोझा दिसतो. यादीवर नाव चढवून कुठेच जागा न मिळालेली पोरं दिसत नाहीत, आणि ती दरवर्षी खूप असतात. नाव चढलं की जुन्या कॉलेजला सत्र संपताच त्याची शिष्यवृत्ती थांबवता येते, म्हणजे परतीचं दारही लागतं. नव्या ठिकाणी जुने विषय धरले नाहीत तर पदवी लांबते ती वेगळीच. सगळ्यात मुकाट मार बसतो शाळेतून येणाऱ्या १७-१८ वर्षांच्या पोरांना. आता संघात १०५ जणांचीच मर्यादा आहे, आणि कोचला तयार झालेला २२ वर्षांचा गडी मिळत असेल तर तो शाळकरी पोरगा वाढवत कशाला बसेल?

तुमच्या मुलाचं म्हणाल तर फी माफी लेखी घ्या, कॉलेजच्या लेटरहेडवर, आणि तीन वर्षांची. पहिल्या वर्षाचीच असेल तर दुसऱ्या वर्षी दुखापत झाल्यावर काय, ते विचारा. विषय तेच आहेत का, हजेरीला सामन्यांचे दिवस धरतात का, क्रीडा ग्रेस मार्कांचे फॉर्म तिथे वेळेवर जातात का, हे ऑफिसात नको, तिथल्या टी.वाय.च्या खेळाडूंना विचारा. गोलकीपर मैदानात एकच असतो, बाकीच्यांसारखं डावीकडून उजवीकडे सरकवून चालत नाही. तेव्हा त्या सरांना एवढं मात्र विचाराच: गेल्या वर्षी तुमचा गोलकीपर कोण होता, आणि तो आता कुठे आहे? जमलं तर त्या मुलाचा नंबर घ्या आणि फॉर्म भरायच्या आधी त्याला फोन करा.